डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. ऑइलचे रिकामे डबे आणि किस्से. डबे भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र कोणी नेत नाही. मग ते असे कोणाला तरी ऐकवावे लागतात, नाहीतर माणसाला बसायला जागा उरत नाही!

माझं गॅरेज जळगावात, अजिंठा रोडला. मला सगळे सतीशभाऊ म्हणतात. माझ्या जोडीला जगन आबा. हे मूळचे धुळ्याचे, आयुष्य ट्रकच्या खाली झोपून काढलेलं. बॉनेट उघडायच्या आधीच निदान सांगून मोकळे होतात. निदान कधी बरोबर निघतं, कधी साफ चुकतं. आवाज मात्र दोन्ही वेळेला तेवढाच ठाम असतो.

आणि बाहेरच्या बाकावर नाना. आमच्या मागच्याच कॉलनीत राहतात. पूर्वी कापसाच्या जिनिंगमध्ये मॅनेजर होते. रिटायर झाल्यापासून सकाळी पेपर घेऊन येतात आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीवर मत देतात. नानांना गाडी चालवता येत नाही, पण त्यानं त्यांचं कधी काही अडलेलं नाही.

आजकालच्या गाड्यांत कॉम्प्युटर असतो, हे तुम्हाला माहीत आहेच. कुठे काही बिघडलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि आत एक कोड साठतो. आम्ही स्टिअरिंगखाली स्कॅनर लावतो, कोड वाचतो. लोकांना वाटतं, झालं निदान! इथे माझं डोकं फिरतं. अहो, कोड म्हणजे तक्रार. गल्लीत कोणी "चोर, चोर" ओरडलं म्हणजे चोर सापडतो का? बाहेर जाऊन बघावं लागतं. पण बघायला कोणाला वेळ आहे!

*

पहिला मान टिकलीचा.

रावेरकडचे एक केळीवाले भाऊ गाडी घेऊन आले. "फक्त सर्व्हिसिंग करा सतीशभाऊ. बाकी गाडी एकदम ओके!"

मी आत बसलो तर मीटरच्या काचेवर एक मरून रंगाची टिकली. घरातल्या पोरांनी लावली असेल म्हणून मी नखानं काढली. खाली इंजिनाचा पिवळा दिवा मस्त जळत होता.

भाऊ माझ्यावरच उखडले. "अरे भो, काढली कशाला? दिवाळीपासून बंद होती लाईट!"

"बंद नव्हती भाऊ, झाकलेली होती."

"तेच ना! आमच्या हिच्या डोळ्याला खुपायची. हिनं टिकली लावली, तेव्हापासून काही म्हणजे काही त्रास नाही."

गाडीचा एक सिलिंडर नीट चालतच नव्हता. इग्निशन कॉइल गेलेली. बदलली, दिवा विझला. संध्याकाळी नवराबायको गाडी न्यायला आले. भाऊंनी मीटर बघितलं, खूश झाले. तेवढ्यात वहिनींनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि एक नवीकोरी टिकली त्याच जागी दाबून बसवली.

मी म्हटलं, "वहिनी, आता कशाला? दिवा तर गेला."

"गेला ना? मग आता परत येऊ नये म्हणून!"

*

आता मुद्द्याचं प्रकरण. ते अक्कांचं.

अक्का म्हणजे नानांच्या मंडळी. माहेर शिंदखेड्याच्या पलीकडचं एक लहान गाव. इतकी वर्षं जळगावात काढली तरी रागावल्या किंवा खूश झाल्या की थेट माहेरच्या बोलीत शिरतात.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. झाडाला झोके, तोंडात गाणी, ताटात सांजोऱ्या आणि आमरस. पण लेक आपली आपण उठून जात नाही. माहेराहून कोणीतरी घ्यायला यावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. बहुतेक भाऊच येतो. अक्कांचा धाकटा भाऊ दर वर्षी यायचा. अक्कांना नातवंडं झाली तरी यायचा! जेवायचा, दुपारी पडायचा आणि उन्हं उतरली की म्हणायचा, "चाल वं अक्का."

तो भाऊ गेला. भाचे सुरतेला कामाला, त्यांना सुट्टी नाही. भावजय फोन करते, "या ना बाई, या ना." पण घ्यायला कोणी येत नाही, आणि अक्का जात नाहीत.

नाना म्हणायचे, "एसटीनं जा ना. कोणी अडवलंय?"

"लेवाले कोनी येत नही, आनि मी हातमा पिशवी लीसन फाट्यावर उतरू?" अक्का विचारायच्या. यावर नाना पेपरात डोकं घालायचे.

मग अक्कांनी काय करावं? पुण्याचा मुलगा नवीन गाडी घेताना जुनी डिझेल गाडी यांच्याकडे सोडून गेला होता. अक्का उठल्या आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं! साठी ओलांडलेली बाई! म्हणाल्या, एसटीच्या फाट्यावर उतरणं वेगळं आणि आपल्या गाडीनं दारात जाऊन उभं राहणं वेगळं. लायसन्स निघालं. आखाजी जवळ आली. आणि गाडीत पिवळा दिवा लागला.

नानांचा हुकूम सुटला. "दिवा लागलेली गाडी गावाबाहेर जाणार नाही. बस!"

नुसता हुकूम नाही. त्यांनी गाडीला गिऱ्हाईकही बघून ठेवलं. आखाजी झाली की गाडी विकायची.

बरं, माझ्या दारात रोज बसणारा हा माणूस, पण गाडी दाखवली स्वतःच्या कुठल्या तरी लांबच्या मेकॅनिक भाच्याला. का, तर "सतीश तोंडावर बोलतो." त्या भाच्यानं स्कॅनर लावायचा, कोड पुसायचा आणि "झालं काम" म्हणायचं. थोड्या दिवसांनी दिवा परत हजर. परत पुसायचा. थर्मामीटर झटकला म्हणजे ताप उतरतो, असं समजणारी ही जमात!

शेवटी अक्का स्वतः गाडी घेऊन माझ्याकडे आल्या. नाना बाकावरून बघत होते. त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता अक्का मला म्हणाल्या, "सतीश, तू बघ. आणि खरं काय ते सांग. गाडीच खराब असेल तर मी नाद सोडते."

हे "नाद सोडते" मला कुठेतरी लागलं. मी म्हटलं, "अक्का, गाडी इथंच ठेवून जा."

*

अक्कांची गाडी उभी असतानाच आमच्याकडे धुळ्याचे एक कापडवाले शेठ आले. म्हणजे आले ते नीट, पण गाडी गेटमध्ये शिरताना असा आवाज करत होती, जसं काही डब्यात खिळे घालून कोणी हलवतंय. गेट ओलांडलं आणि इंजिन बंद पडलं ते पडलंच.

शेठ ऐटीत उतरले. जळगावला लग्नाला निघाले होते, कडक सफारी, खिशाला गुलाब.

"सतीशभाऊ, पारोळ्याच्या पुढं लाल लाईट लागली. ती तेलाच्या किटलीची असते ना, ती! पण मी हयगय केली नाही. चहाला थांबलो नाही, पाण्याला थांबलो नाही. लाईट लागल्यापासून गाडी कुठंच उभी केली नाही, थेट तुमच्याकडे!"

जगन आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आबांनी निदान न सांगता थेट श्रद्धांजली वाहिली, असा तो एकमेव प्रसंग.

तुम्ही तरी लक्षात ठेवा. पिवळा दिवा म्हणजे, बाबा रे, सवडीनं पण लवकर कोणाला तरी दाखव. लाल दिवा म्हणजे आहे तिथे बाजूला घे आणि इंजिन बंद कर. ऑइलची लाल किटली लागली की पुढचा फाटासुद्धा लांब असतो. मी ऑइलची पट्टी काढून बघितली, तिला तेलाचा डागसुद्धा नव्हता.

शेठ काळजीनं म्हणाले, "आता लाईट गेली का पण?"

"गेली शेठ," मी म्हटलं. "इंजिनासकट."

*

मधल्या काळात नाना बाकावरून रोज विचारत होते, "काय, निघाली ना गाडी बाद?"

जगन आबांचं निदान तयारच होतं. "डिझेलमध्ये भेसळ!"

मी स्कॅनर लावला होता. कोड सांगत होता की सायलेन्सरच्या वाटेवर जी जाळी असते, काजळी पकडणारी, ती काजळीनं तुंबत आलीय. नवीन डिझेल गाड्यांना ही जाळी असते. गाडी धूर सोडत नाही, काजळी आत साठवते आणि पुढे केव्हातरी आतल्या आत जाळून टाकते.

नाना म्हणाले, "म्हणजे जाळी बदला. म्हणजे खर्च. म्हणजे विका."

मी म्हटलं, "नाना, जाळी तुंबली हे कोडनं सांगितलं. का तुंबली ते कोणी सांगायचं?"

मी सेन्सरच्या बारीक नळ्या तपासल्या, चिरलेल्या नव्हत्या. कुठे गळती नव्हती. इंजेक्टर ठीक, ऑइल ठीक. गाडी ठणठणीत होती. आणि जाळी तुंबत होती. मला रात्री जेवण गोड लागेना. बायको म्हणाली, "गाडी अक्कांची आहे की तुमची?"

*

जामनेरच्या मोबाइलवाल्या दादांचं ऐका. यांनी ऑनलाइन एक डबी मागवली. ती गाडीला लावली की कोड मोबाइलवर दिसतात. तेव्हापासून दादा स्वतःच डॉक्टर!

एके दिवशी हातात नवाकोरा ऑक्सिजन सेन्सर घेऊनच आले. "हा फक्त बसवून द्या. निदान मी केलंय."

मी म्हटलं, "जुना काढून तपासू तरी?"

"कोड आहे ना भाऊ! कोड खोटं बोलतो का?"

बसवला. दिवा परत लागला. दादांनी मोबाइल बघितला. कोड तोच. मग मी इंजिनाच्या मागे टॉर्च मारला. तिथे पांढराशुभ्र कापूस! दादांच्या घरी पुढच्या खोलीत कापसाचा ढीग, आणि गाडी त्याच भिंतीला लागून उभी. उंदरीण बाईंनी घरातला कापूस इंजिनावर नेऊन गादी केली होती. बाळंतपणही तिथेच उरकलेलं. आणि सेन्सरची वायर दात शिवशिवले म्हणून कुरतडून ठेवलेली. बिचारा सेन्सर ठीक होता, त्याचं म्हणणं पोचवणारी वायर तुटली होती.

दादांनी वाकून त्या गादीचा फोटो काढला. मग मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाले, "पण मग या ॲपमध्ये उंदराचा कोड का नाही दिला?"

*

एकदा भडगावचे एक मास्तर आले. थंडीचे दिवस, म्हणजे आमच्याकडे भरिताचे दिवस. शेतात तुरकाठ्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत कुटायची आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पुरीबरोबर हाणायची. त्यासाठी बामणोदची वांगी लागतात. दुसरी चालत नाहीत, असं मास्तरांचं म्हणणं, आणि माझंही.

"सतीशभाऊ, गाडी ओरडते हो! बामणोदपासून टिंग टिंग टिंग टिंग. डोकं उठलं."

मी जेवायला गेलो होतो. जगन आबांनी काम हातात घेतलं. "वायरिंगला शॉर्ट आहे," आबा म्हणाले आणि फ्यूज बॉक्स उघडून बसले. मी परत येईपर्यंत डॅशबोर्डचा अर्धा संसार बाहेर आलेला.

मी बघितलं तर पुढच्या डाव्या सीटवर वांग्यांचं पोतं. अहो, सीटखाली सेन्सर असतो. वजन पडलं की गाडीला वाटतं माणूस बसलाय आणि त्यानं बेल्ट लावला नाही! मी पोत्याला बेल्ट लावला. आवाज बंद. आबा म्हणाले, "शॉर्ट होताच. वांग्यांनी दाबला."

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा फोन. वाटेत ट्रॅफिक पोलिसानं अडवलं. मास्तरांनी स्वतःचा बेल्ट कायमचा पाठीमागून अडकवून ठेवलेला, आवाज येऊ नये म्हणून. पोलिसानं आत वाकून बघितलं. एकदा मास्तरांकडे, एकदा पोत्याकडे.

आणि म्हणाला, "गुरुजी, वांग्यांना कळतं. तुम्हाला कळत नाही का?"

*

एक छोटासा. एकानं नवीन गाडी घेतली, पूजा केली आणि पुढे लिंबू-मिरची टांगली. नेमकी पार्किंग सेन्सरच्या समोर. गाडी उभी केली की किंचाळायची. याला वाटायचं समोर काहीतरी आहे, जे आपल्याला दिसत नाही आणि गाडीला दिसतं. बिचारा घाबरून अर्धा झालेला! मी लिंबू-मिरची सोडली, आवाज थांबला.

"पण भाऊ, आता गाडीला नजर लागली तर?"

"गाडीला डोळे आहेत, तिची ती बघून घेईल," मी म्हटलं. ती लिंबू-मिरची जगन आबांनी आमच्या स्कॅनरच्या पेटीला बांधली. आबा म्हणतात, तेव्हापासून मशीन खरं बोलायला लागलं. मला काढू देत नाहीत. वाळली की नवीन बांधतात.

*

तर अक्का.

आखाजी तोंडावर आली. ऊन असं की पाना उघड्यावर ठेवला तर हाताला फोड यावा. गाडीत दोष सापडेना. शेवटी मी म्हटलं, "अक्का, तुम्ही रोज कशी चालवता ते मला बघू द्या. मी मागे बसतो. मी नाहीच असं समजा."

अक्का चालवायला. शेजारी नाना, कारण नाना नेहमी शेजारी असतात. कॉलनीतून निघालो भाजीबाजाराला.

गाडी फाटकाबाहेर पडली नाही तोच सुरू झालं. "हळू. हळू. पुढं गतिरोधक आहे."

"गतिरोधक तिकडच्या गल्लीत आहे," अक्का म्हणाल्या.

"असू दे. हळू. सेकंडमध्येच ठेव. थर्ड कशाला? कोणाच्या लग्नाला जायचंय? ती सायकल बघ. जाऊ दे सायकलला पुढं. हळू!"

सायकल पुढे गेली. मग एक हातगाडी पुढे गेली. मी मागे बसून कपाळाला हात लावला.

बाजारातून गॅरेजला परत आलो. मी विचारलं, "अक्का, ही गाडी तुम्ही कधी टॉप गिअरला टाकलीय?"

अक्कांनी नानांकडे बघितलं. "हे टाकू देतील तेव्हा ना."

"हायवेला कधी नेलीय?"

"दिवा लागलाय ना," नाना मध्येच म्हणाले. "दिवा लागलेला असताना हायवेला कशी न्यायची?"

मी गाडीतून उतरलो आणि नानांच्या बाजूचं दार उघडलं. बाकावर जगन आबा कान देऊन बसलेले.

"नाना, निदान झालं. ती काजळी जळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो. त्याला मोकळ्या रस्त्यानं, दमदार, बराच वेळ न थांबता गाडी चालवावी लागते. तुम्ही तिला मंदिर ते भाजीबाजार सेकंड गिअरला फिरवताय. दिवा लागला म्हणून लांब नेत नाही, आणि लांब नेत नाही म्हणून दिवा लागतो! गाडीत काही दोष नाही. दोष डावीकडच्या सीटवर आहे."

जगन आबा इतक्या जोरात हसले की चहा सांडला.

नाना आधी लाल झाले, मग म्हणाले, "सतीश, म्हणूनच तुला दाखवत नव्हतो."

अक्का हसल्या नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून हळूच म्हणाल्या, "म्हणजे लांब नेली तर दिवा जाईल?"

"अजून फार तुंबलेली नाही. जायला पाहिजे. मी बरोबर येतो, स्कॅनर लावून. एरंडोलपर्यंत जाऊन परत येऊ."

"मग आखाजीलाच जाऊ," अक्का म्हणाल्या. "सकाळी. ऊन व्हायच्या आत."

*

आखाजीच्या सकाळी गाडी गॅरेजसमोर उभी राहिली. अक्का ठेवणीतली साडी नेसलेल्या. मला वाटलं, सणाचा दिवस आहे, नेसल्या असतील. मी कामाच्या कपड्यांतच पुढे डावीकडे बसलो, मांडीवर स्कॅनर, त्याला लिंबू-मिरची. नानांना मागे बसवलं.

"मी नसलो तर ती गाडी उडवेल," असं म्हणून ते आले होते.

"बसा. पण एक शब्द बोलायचा नाही," मी म्हटलं. "बोललात की काजळी वाढते."

बांभोरीचा पूल ओलांडला, रस्ता मोकळा झाला. मी म्हटलं, "अक्का, द्या आता." अक्कांनी गिअर बदलला. मग पुढचा. गाडीनं असा काही सुस्कारा सोडला, जणू इतके दिवस कोणी तिचा दंड धरून ठेवला होता आणि आता सोडला. मी आरशात बघितलं. नानांनी डोळे घट्ट मिटलेले आणि ओठ हलत होते. बहुतेक रामरक्षा. पण शब्द बाहेर नाही!

स्कॅनरवर काजळीचा आकडा थोडा वेळ हललाच नाही. मी स्कॅनरची वायर परत दाबून बसवली. आज हा दिवा गेला नाही, तर उद्या गाडी जाणार, आणि या बाईला आपण उगाच आशा लावली. अक्का मात्र समोर बघत शांतपणे चालवत होत्या. केळीचे ट्रक मागे टाकत होत्या!

एरंडोलच्या अलीकडे आकडा हलला. सायलेन्सर तापला होता. आकडा उतरायला लागला, उतरतच गेला. एरंडोल मागे पडलं तरी मी थांबा म्हणालो नाही, मधेच थांबवलं तर सगळं मुसळ केरात. पारोळ्याजवळ मी मीटरकडे बघितलं. पिवळा दिवा नव्हता. मी कोड पुसला नव्हता. तो आपला आपण गेला होता.

"गेला अक्का! गेला! घ्या गाडी बाजूला, वळवू."

अक्कांनी गाडी बाजूला घेतली नाही.

"गाडीत आता दोष नाही ना?"

"काहीच नाही."

"पुढं नेली तर चालेल?"

"चालेल म्हणजे, पळेल. पण अक्का, एरंडोल कधीच..."

"मग वळवू कशाला?" अक्का म्हणाल्या, आणि वेग तसाच ठेवला.

मागून नानांनी डोळे उघडले. त्यांनी रस्ता बघितला, बायकोची साडी बघितली, त्यांना सगळं समजलं. मला वाटलं आता हळूहळूचा जप सुरू होणार. नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "धुळ्याला सांजोऱ्या मिळतील का कुठं? मोकळ्या हातानं कसं जायचं."

"मी केल्यात," अक्का म्हणाल्या. "डिकीत डबा आहे."

धुळं गेलं. सोनगीरचा फाटा गेला. मी गॅरेजला फोन लावला, आबांना म्हटलं, मी आज येत नाही. आबा म्हणाले, "मला माहीत होतं. साडी बघूनच निदान केलं होतं."

शिंदखेडा ओलांडून गाडी त्या गावात शिरली, तेव्हा निंबाला झोके बांधलेले आणि गाणी चाललेली. अक्का आतापर्यंत एकदाही चुकल्या नव्हत्या, पण शेवटच्या वळणावर त्यांनी गाडी बंद पाडली. डोळे पुसले. परत सुरू केली आणि थेट दाराशी नेऊन उभी केली.

अक्कांच्या भावजय पिठाच्या हातानं बाहेर आल्या. स्टिअरिंगमागे अक्कांना बघून उंबऱ्यातच थांबल्या. मग मागे बसलेल्या नानांना बघितलं. मग मला, तेलकट शर्ट, मांडीवर लिंबू-मिरची बांधलेली पेटी. मी कोण, सुरतेच्या मुलांपैकी कोणाचा मित्र की काय, त्यांना काही उमगेना.

"बाई," मुराळी कोण आला होता म्हणून त्यांनी विचारलं, "तुमले लेवाले कोन उना व्हता?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं आणि मान हलवली. मग डॅशबोर्डवरच्या त्या विझलेल्या जागेवर बोट ठेवलं.

"हाऊ पिवया दिवा उना व्हता, वं."